वास नाही

नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी मला टेबल दाखवलं नाही, खुर्ची दाखवली नाही, चहाही विचारला नाही. म्हणाले, "अप्पा बळवंत चौकात जा. तिथे झेरॉक्सची दुकानं आहेत. सगळ्यात जास्त गर्दी असेल त्या दुकानात तासभर उभ्या राहा आणि परत या."

"काय झेरॉक्स करायचंय सर?"

"काही नाही. श्वास घ्यायचाय."

यवतमाळ जिल्ह्यातून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन मी पुण्यात आले होते. इथली माणसं तऱ्हेवाईक असतात हे ऐकून होते, पण पहिल्याच दिवशी इतकं पदरात पडेल असं वाटलं नव्हतं. गेले मुकाट्यानं. दुकानदारानं दोनदा विचारलं, "काय पाहिजे?" मी दोनदा म्हटलं, "काही नाही." तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मग हे 'काही नाही' जरा भिंतीला चिकटून चालू द्या, गिऱ्हाइकांना वाट लागते." तास भरला तशी परत आले.

"कसला वास आला?" सरांनी विचारलं.

"शाईचा, कागदाचा, घामाचा. आणि एक वेगळाच. नाकात बारीक टोचणारा. वीज पडून गेल्यावर येऊन राहतो तसा."

"येऊन राहतो म्हणजे? मुक्कामाला येतो का?" आमच्याकडच्या बोलीला त्यांनी दिलेली ही पहिली सलामी. मग म्हणाले, "तो ओझोन. बाकीचे वास विसरा, तो लक्षात ठेवा. तुमचा पगार त्याच्यासाठी आहे."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुठंही झेरॉक्सचं मशिन सुरू झालं की अजूनही मी नकळत ताठ उभी राहते.

कारखाना म्हणायचं म्हणजे नारायण पेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या चार खोल्या. खाली लग्नपत्रिका छापणारा छापखाना, वर एक बिऱ्हाड. दारावर पाटी नव्हती. "ज्यांना यायचंय त्यांना पत्ता माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी येऊ नये," असं सरांचं म्हणणं. पूर्वी ते सरकारी प्रयोगशाळेत होते. तिथं कुणाशी तरी बिनसलं आणि राजीनामा देऊन त्यांनी हे सुरू केलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. या चार खोल्यांत तयार होणारी वस्तू दूरच्या ग्रहांकडे जाणाऱ्या यानात बसते, हे खालच्या छापखानेवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला वाटायचं, आम्ही टीव्हीचे स्टॅबिलायझर करतो.

यान कोट्यवधी किलोमीटर लांब गेलं की त्याचा आवाज पृथ्वीपर्यंत पोचवायला दोन गोष्टी लागतात. एक मोठी थाळीसारखी अँटेना, जी सगळा आवाज एकाच दिशेला फेकते. आणि तिच्यामागे दीड वीत लांबीची एक नळी, जी दुबळी लहर आत घेते आणि दांडगी करून बाहेर सोडते. नळी जितकी दांडगी तितके तिकडचे फोटो भराभर इकडे येणार. पण या नळीला हजारो व्होल्ट लागतात, आणि यानाच्या सौर पंखांकडून तिच्या वाट्याला येते ती घरातल्या दोन-तीन दिव्यांपुरती वीज. ती वीज हवी तेवढी चढवून नळीला पुरवणारा डबा आम्ही करायचो. "वर्तमानपत्रात फोटो येतो तो अँटेनाचा," सर म्हणायचे. "आपला डबा तिच्या पाठीमागे असतो. बरं आहे. फोटोसाठी हसावं लागत नाही."

यान कुठल्या ग्रहाकडे जाणार हेही आम्हाला सांगितलेलं नसे. कागदावर फक्त एक क्रमांक असायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पत्ता पोस्टमनला लागतो. तुम्ही डिंक नीट लावा."

या डब्याचा वैरी म्हणजे हवा. सरांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं: "पूर्ण हवा चालते, पूर्ण पोकळी चालते. अर्धवट हवा चालत नाही." जमिनीवर भरपूर हवा असते, ती विजेला अडवून धरते. अवकाशात हवाच नसते, तिथं वीज उडी मारणार कशातून? पण विरळ, अर्धवट हवेतून तिला सहज वाट मिळते. म्हणून डब्याचं सगळं पोट आम्ही रेझिननं भरून टाकायचो. पातळ असताना ओतायचं, पंपानं त्यातले बुडबुडे ओढून घ्यायचे आणि दगडासारखं घट्ट होऊ द्यायचं. त्यात मोहरीएवढा एक बुडबुडा राहिला तरी त्यातली अर्धवट हवा आतल्या आत ठिणग्या पाडत राहते. रोज थोडं थोडं कुरतडते. मग एक दिवस डबा जातो आणि लाखमोलाचं यान मुकं होतं. चालू असतं, पण मुकं.

हे वाक्य ते कुठंही वापरायचे. पाहुणा म्हणाला, "अर्धाच कप द्या," तर त्याला पूर्ण कप मिळे किंवा काहीच मिळत नसे. आमच्यापैकी कुणी "जवळजवळ झालंय सर" म्हणालं की ते नुसते वर बघून म्हणायचे, "अर्धवट हवा." मी यायच्या आधी देशानं दारं उघडली, परदेशी माल येऊ लागला, सगळे त्यावर तावातावानं बोलत होते. सरांना कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "दार अर्धं उघडलंय. वारा येतो, माणूस अडकतो." पण पहिली परदेशी मोजणीयंत्रं मागवली ती त्यांनीच.

आम्ही नव्यानं आलो की प्रत्येकाला रेझिनचा एक ठोकळा ओतायला लावत. पहिल्या खेपेला बुडबुडा राहतोच. मग सर स्वतः करवतीनं तो ठोकळा बरोबर बुडबुड्यावर कापायचे आणि नावाची चिठ्ठी चिकटवून फळीवर ठेवून द्यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसायचा. माझा बुडबुडा साबुदाण्याएवढा होता. मी महिनाभर त्या फळीकडे बघितलं नाही.

आणि वासांना बंदी. केसांना वासाचं तेल नको, पावडर नको, मोगरा नको, अत्तर नको. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची ती उदबत्तीशिवाय. चाचणीची वेळ सकाळी अकरा ते बारा. त्या तासात खालचा छापखाना शाई काढत नसे. हे कसं जमवलं होतं देव जाणे. वरच्या बिऱ्हाडातल्या काकूंकडे ते स्वतः गेले होते. या तासात फोडणी देऊ नका, म्हणाले. काकूही पेठेतल्याच. "अहो, आमच्या फोडणीनं तुमचं यान पडणार असेल तर ते न गेलेलंच बरं."

"पडणार नाही वहिनी. मुकं होईल," सर म्हणाले.

काय वाटलं कोण जाणे, त्या दिवसापासून काकू अकराच्या आत फोडण्या उरकून घ्यायला लागल्या. बारा वाजून गेले की गॅलरीतून हाक यायची, "झालं का हो तुमचं? कढी खोळंबलीये!"

चाचणी अशी. डबा काचेच्या जड झाकणाखाली ठेवून नेहमीपेक्षा जास्त व्होल्टवर तासभर चालवायचा. कुठं एखाद्या वायरीच्या मुळाशी वीज झिरपत असेल, तर झाकणाखाली ओझोन साठतो. तास झाला की वीज बंद करायची, दोघांनी दोन बाजूंनी झाकण उचलायचं आणि सर वाकून तीन श्वास घ्यायचे. बाजूला परदेशी यंत्र असायचंच. ते विजेची गळती मोजून आकडा द्यायचं. सर त्या यंत्राला मान द्यायचे, पण म्हणायचे, "त्याला किती ते कळतं. कुठून ते नाकाला कळतं." पंचवीस पानांचा इंग्रजी अहवाल तयार व्हायचा आणि शेवटच्या पानावर, सगळ्या आकड्यांच्या खाली, निळ्या शाईनं, स्वतःच्या हातानं ते दोन शब्द लिहायचे: वास नाही. खाली सही.

ज्या संस्थेसाठी आम्ही काम करायचो, तिथले अधिकारी सुरुवातीला यावर हसले म्हणे. मग त्यांनी हरकत घेतली. आणि नंतर अशी वेळ आली की ती ओळ नसेल तर ते डबा घेईनात. एका नव्या अधिकाऱ्यानं या शब्दांचा अर्थ विचारला. सरांनी इंग्रजीत सांगितला आणि वर म्हणाले, "पण मराठीत लिहिलं की खोटं लिहिता येत नाही मला."

आमच्याकडे रफिकभाई कॉइल गुंडाळायचे. गंज पेठेतले. त्यांचे वडील पंख्यांच्या आणि मोटारींच्या कॉइल भरायचे. यांचा हात त्यांच्याही पुढचा. केसासारखी तार, हजारो वेढे, आणि एक वेढा दुसऱ्यावर चढला तर सगळं उकलायचं. शंभर वेढे झाले की कागदावर पेन्सिलची एक रेघ. मोजत नसत तेव्हा पेन्सिल उजव्या कानावर. आम्हा इंजिनिअरांना सर प्रत्येक आकडा तीनदा विचारायचे. रफिकभाईंना फक्त "झालं?" विचारायचे. ते म्हणायचे, "झालं साहेब." एवढंच बोलणं. वीस वर्षं दोघं एकमेकांशी एवढंच बोलत आले असावेत.

मी लागले त्या सुमाराला पुण्यातलं वारं बदलायला लागलं होतं. सकाळी कंपन्यांच्या पांढऱ्या एसी बसेस रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली माझ्याच वयाची मुलं-मुली हिंजवडीकडे जायची. आमच्यातले एकेक जण त्या बसमध्ये चढत गेले. सर कुणाला अडवायचे नाहीत. शेवटच्या दिवशी फळीवरून त्याचा ठोकळा काढायचे, चिठ्ठी खरवडायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. दोन वर्षांत फळीवर माझा एकटीचा ठोकळा उरला. आणि मलाही तिकडच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. सरांना सांगायचं राहिलं होतं. रोज ठरवत होते, रोज पुढं ढकलत होते.

त्या वेळी एका यानासाठी दोन डब्यांचं काम चालू होतं. एक यानात बसणारा, एक राखीव. पहिला दोन महिन्यांपूर्वी गेला होता आणि यानात बसवलाही गेला होता. राखीव डब्याच्या चाचणीच्या दिवशी रफिकभाई नव्हते, भाचीच्या लग्नाला सोलापूरला गेले होते. डबा न्यायला संस्थेचे अधिकारी गाडी घेऊन येऊन बसले होते. वयस्कर, शांत गृहस्थ होते. संध्याकाळी पाचला निघायचं त्यांचं ठरलं होतं.

एरवी झाकणाची दुसरी बाजू रफिकभाई धरायचे. त्या दिवशी मी धरली. बारा वाजता आम्ही झाकण उचललं. सर वाकले, तीन श्वास घेतले आणि मग त्यांनी मान वळवून रफिकभाईंच्या स्टुलाकडे बघितलं. स्टूल रिकामं होतं. पुन्हा वाकले, पुन्हा तीन श्वास. असं त्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"वास नाही," ते म्हणाले. टेबलाशी गेले आणि तसं लिहून सही केली.

मला वास आला होता. अगदी बारीक, आला आणि गेला. यंत्राचा आकडा मर्यादेच्या आतच होता, पण काठाला टेकून. मी काही बोलले नाही. माझ्या नाकाला दोन वर्षं झाली होती, त्यांच्या नाकाला तीस. ज्या माणसाच्या शब्दावर यानं गेली, त्याला मी काय सांगणार? हे झालं मनाला सांगायचं कारण. खरं कारण असं, की मला जायचं होतं. जाता जाता त्यांच्याशी वाद नको होता. याची मला अजून लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत मी अप्पा बळवंत चौकात गेले. नव्या कंपनीला सगळ्या मार्कशीटच्या प्रती हव्या होत्या. योगायोग काही नाही, दुकान तेच, पहिल्या दिवसापासून माझ्या पायांना तेच माहीत होतं. दुकानदारानं पहिला कागद काचेवर ठेवला, दिवा सरकला, आणि वास आला. तोच. दोन तासांपूर्वी झाकणाखालून आला होता तोच. आता 'असेल' आणि 'नसेल' असं काही उरलंच नाही.

मी तिथून निघाले ती जवळजवळ पळतच. मार्कशीट मशिनवरच राहिल्या.

वर आले तर डबा लाकडी पेटीत गेला होता, अधिकाऱ्यांबरोबर आलेला माणूस झाकणाचे स्क्रू आवळत होता. अधिकारी चहा पीत होते. सर खिडकीशी उभे होते. दोन वर्षं मी पुण्याची भाषा घासूनपुसून बोलत होते. तोंडातून निघालं ते घरचंच निघालं.

"सर, वास येऊन राहिला होता. मले आला."

त्यांनी माझी भाषा दुरुस्त केली नाही. स्क्रू लावणाऱ्याला हातानं थांबवून ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले.

"कुठून?"

"डाव्या कोपऱ्यातून. जाड वायर निघते तिथून."

ते रफिकभाईंच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "वर्ष झालं. मला कशाचाच वास येत नाही. आधी वाटलं सर्दी आहे. मग लक्षात आलं, जेवताना आमटी जळलीये हे घरच्यांच्या तोंडावरून कळतंय मला."

"मग इतके दिवस..."

"रफिकभाई. एकदा तारा जोडायची तापलेली सोल्डरिंगची सळई फडक्यावर पडली, फडकं धुपत होतं आणि मी शेजारी बसून वाचत होतो. त्यांनी ते पाहिलं. त्याच्या पुढच्या चाचणीपासून झाकण उचललं की ते आधी श्वास घ्यायचे. वास नसला की पेन्सिल कानावर ठेवायचे. असला की हातात. मी पेन्सिल बघायचो." थांबून म्हणाले, "आमचं यावर कधीही बोलणं झालेलं नाही."

"आणि आज?"

"आज पेन्सिल नव्हती. बाहेर तो माणूस बसलेला. मी म्हटलं, आजवर नव्हताच ना, आजही नसेल."

दोन वर्षं मी त्यांचा राग पाहिला होता, टोमणे खाल्ले होते, फळीवरच्या ठोकळ्यामुळे मनात शिव्याही घातल्या होत्या. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि ती लपवायला मी खिडकीकडे बघत राहिले.

पेटी उघडली. डाव्या कोपऱ्यात वायरीच्या मुळाशी रेझिनला केसाएवढी चीर होती. अधिकारी रिकाम्या गाडीनं परत गेले. संध्याकाळी झेरॉक्सवाला माझ्या मार्कशीट घेऊन, मी पळाले त्या दिशेनं पत्ता विचारत वर आला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तासभर फुकट उभ्या राहिल्या होत्या त्या तुम्हीच ना? तेव्हाच मला शंका आली होती." सरांनी ते कागद त्याच्या हातातून घेतले, वरवर चाळले आणि माझ्याकडे दिले. मार्कशीटच्या प्रती कशाला लागतात हे त्यांना कळत होतं. काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि संस्थेला पत्र सांगायला सुरुवात केली. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर असं: 'गेल्या वर्षभरातल्या चार डब्यांच्या अहवालांत वास नाही असं मी लिहिलं आहे. यानात बसवलेला डबा त्यातलाच एक. वर्षभर मला वास येत नाही. तो वास माझ्या वतीनं आमचे कारागीर रफिकभाई यांनी घेतला. त्यांचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे असं माझं मत आहे. तथापि मी जे लिहिलं ते खरं नव्हतं.'

मी टाइप करायची थांबले. "सर, त्या डब्याला वास नव्हताच. रफिकभाईंनी घेतला होता ना? मग खोटं काय?"

"खाली सही कुणाची आहे?"

"पण हे पाठवलं तर पुढचं कामच मिळणार नाही. चार खोल्या बंद होतील. एवढंच सांगू या ना, की राखीव डबा परत करतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. ते हळू म्हणाले, "पूर्ण हवा चालते..." आणि पुढचं बोललेच नाहीत. मी पत्र पूर्ण टाइप केलं. फॅक्स त्यांनी स्वतः लावला.

रफिकभाई सोलापूरहून आले आणि त्यांना कळलं. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला. "साहेब, मी गुपचूप केलं ते तुमची इज्जत राहावी म्हणून. तुम्ही जाऊन कागदावर मांडलंत. मग माझ्या करण्याला काय अर्थ राहिला?"

सर म्हणाले, "चुकलं माझं. वर्षापूर्वीच मांडायला हवं होतं."

रफिकभाई दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांनी अहवालाचा नवा नमुना छापून आणला. शेवटच्या पानावर एक ओळ वाढली होती: 'वास घेणाऱ्याचं नाव आणि सही'. तो कागद त्यांनी रफिकभाईंच्या समोर ठेवला. रफिकभाईंनी तो उलटसुलट पाहिला. दुपारी मला दिसलं, वेढ्यांच्या रेघा मारायच्या कागदावर ते पेन्सिलनं सही गिरवत होते. पुन्हा पुन्हा, मराठीतून, शाळेतल्या वळणदार अक्षरात.

संस्थेचे तेच वयस्कर अधिकारी पुन्हा आले. तीन झाकणांखाली तीन डबे ठेवले, त्यातला एक मुद्दाम बिघडवलेला. रफिकभाईंनी तो तर ओळखलाच, वर कुठून झिरपतंय तेही बोटानं दाखवलं. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. पण यानात बसलेला डबा आता बाहेर काढणं जास्त धोक्याचं होतं. यंत्राचे आकडे चांगले होते, त्यावर विश्वास ठेवून तो तसाच जाणार असं ठरलं. म्हणजे खरं काय ते यान तिकडे पोचल्यावरच कळणार होतं. मध्ये कितीतरी महिने. डबा बिघडला असता तर आमच्या पत्रामुळे दोष कुणाचा हे शोधायची गरजही राहिली नसती.

राखीव डबा पुन्हा करायला महिना लागला. तेवढा महिना मी नव्या कंपनीकडून मागून घेतला. त्या डब्याच्या अहवालावर रफिकभाईंची सही आहे. 'वास नाही' हेही त्यांनीच लिहिलं.

माझ्या शेवटच्या दिवशी सरांनी फळीवरून ठोकळा काढला. चिठ्ठी खरवडताना त्यांचा हात थरथरत होता. मला वाटलं, मी जातेय म्हणून. तसं नव्हतं. हाताच्या थरथरीचं आणि गेलेल्या वासाचं मूळ एकच होतं, कंपवात, हे डॉक्टरांनी पुढच्या वर्षी सांगितलं. ठोकळा हातात देत म्हणाले, "तिकडच्या कामात बुडबुडा करवतीनं कापून बघता येत नाही. जपून असा."

नवं काम आलं नाही. कुणी नाही म्हणालं नाही, पत्रांची उत्तरं तेवढी सावकाश यायला लागली आणि मग यायची थांबली. चार खोल्या बंद झाल्या. तिथं आता क्लास चालतो. मी दोन-तीनदा सरांच्या घरी गेले. ते खुर्चीत बसलेले असायचे, बोलणं अडखळत यायचं. यानाचा विषय ते काढत नसत, मीही नाही. पण ते उडालं तो दिवस आम्हा दोघांनाही ठाऊक होता, आणि नळी पहिल्यांदा कधी चालू करतील, पोचायला किती दिवस लागतील, हा हिशेब दोघांच्याही डोक्यात चालू असायचा. त्यांच्या खुर्चीशेजारच्या कॅलेंडरवर काही नाही, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा असायच्या.

मग एका दुपारी हिंजवडीतल्या ऑफिसात मला त्या अधिकाऱ्यांची मेल आली. एक फोटो, लालसर उजाड जमिनीचा, आणि दोन ओळी. फोटो वेगानं येत आहेत. तुमचा तो पहिला डबा चालू आहे, अगदी ठणठणीत.

मी जिन्यात जाऊन सरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नीनं रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला. मी सगळं सांगितलं, भरभर, रडत. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मी थांबले. मग शब्द आले, एकेक करून.

"रफिकभाईंना... सांगितलंत?"

"नाही सर. आधी तुम्हाला..."

"मला कशाला? नाक त्यांचं." पुन्हा श्वास. "फोन नको. जाऊन सांगा."

मी फोटो छापून घेतला आणि रिक्षा करून गंज पेठेत गेले. रफिकभाई आता पुतण्याच्या दुकानात पंख्यांच्या कॉइल भरत होते. दुकानभर वॉर्निशचा वास कोंदलेला. मी फोटो पुढं केला आणि सांगितलं, की तुम्ही वास घेतला होता तो डबा तिथं पोचून बोलतोय.

त्यांनी हात पुसले, फोटो उजेडाला धरला. "साहेबांना कळवलं?"

"त्यांनीच मला तुमच्याकडे पाठवलं."

रफिकभाईंनी फोटो जपून टेबलावर ठेवला. वेढ्यांच्या कागदावर आडवी पडलेली पेन्सिल उचलली आणि सावकाश उजव्या कानावर ठेवली.